पारायणाच्या मुलखातली न वाचलेली पुस्तके

मराठीत धर्मावर उत्तम लिहिले गेले आहे, इतिहासावर चांगले आणि कलेवर फारच थोडे. हे विधान पुण्या-मुंबईत बसून केले तर ग्रंथसूची समोर ठेवून वाद घालावा लागेल. वरवट बकालला बसून केले तर पुरावा आसपासच सापडतो. शेगावहून संग्रामपूरकडे जाताना लागणारे हे गाव. दक्षिणेला गजानन महाराजांचे शेगाव, उत्तरेला सातपुडा. या पट्ट्यात घरोघरी दासगणूंची ‘श्री गजानन विजय’ पोथी असते. तिचे एकवीस अध्याय एका बैठकीत वाचून उठणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. सप्ताहात ज्ञानेश्वरी वाचली जाते, कुठे ग्रामगीता वाचली जाते. त्यामुळे खेड्यात कोणी वाचत नाही, ही शहरी समजूत इथे टिकत नाही. सलग चार-पाच तास मांडी घालून ओवीबद्ध मजकूर वाचणारा माणूस चारशे पानांच्या ग्रंथाला भिणार नाही.

उणीव आहे ती वेगळी. वाचलेले दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहण्याची, ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय पोथी लावत नाही. तिचे ते कामही नव्हे. ज्या पुस्तकांचे ते काम आहे ती इथवर येत नाहीत. त्यांतली काही तर याच बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसांनी लिहिली आहेत.

विष्णु भिकाजी कोलते हे त्यांतले पहिले नाव. जन्म १९०८ चा, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचा. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण त्यांचे खरे काम महानुभावांच्या पोथ्यांवरचे. या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले होते. शतकानुशतके पंथाबाहेरच्या माणसाला ते वाचताच येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीचे कोडे उलगडले, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी वाट रुंद केली आणि कोलत्यांनी त्या वाटेवर आयुष्य घातले. ‘महानुभाव तत्त्वज्ञान’, ‘महानुभाव आचारधर्म’, ‘श्रीचक्रधर चरित्र’ हे त्यांचे ग्रंथ आजही दुसऱ्या कोणाच्या पुस्तकाने जुने झालेले नाहीत.

‘श्रीचक्रधर चरित्र’ हे मी कोणाही जिज्ञासू वाचकाच्या हाती प्रथम देईन. कारण साधे आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी ज्या वाटांनी हिंडले त्या वाटा आपल्या पायाखालच्या आहेत. मेहकर, लोणार ही नावे तेराव्या शतकातल्या मजकुरात, तिथल्या माणसांसह आणि मुक्कामांसह भेटली की इतिहास हा फक्त रायगडावर आणि शनिवारवाड्यात घडतो, ही समजूत आपोआप सैल होते. चक्रधरांच्या आठवणींचे मुळातले ‘लीळाचरित्र’ तर त्याहून विलक्षण. त्याचे कर्ते म्हाइंभट यांनी रिद्धपुरास या आठवणी गोळा केल्या त्या इथे-तिथे विखुरलेल्या शिष्यांना भेटून, विचारून. जे ज्याने पाहिले-ऐकले ते त्याच्या नावावर. पुढे मूळ प्रत गेली, स्मरणातून पुन्हा पाठ सिद्ध झाले, आणि ते जुळेनात तेव्हा पंथाने मतभेद लपवले नाहीत. अमक्याच्या आठवणीत हे असे आहे, असे नोंदवून ठेवले. आजच्या संशोधकाला पाठभेदांची जी शिस्त विद्यापीठात शिकावी लागते ती सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या भाविकांनी पाळली होती. श्रद्धा आणि चिकित्सा एका घरात नांदत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण नीट पाहावे.

कोलत्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले. काही लीळांवरून पंथीयांतून तीव्र आक्षेप आले, प्रकरण न्यायालयात गेले. त्या वादात कोण किती बरोबर हा वेगळा विषय आहे. नुकसान मात्र वाचकाचे झाले. मराठी गद्याचा हा आरंभग्रंथ एकतर वादामुळे माहीत असतो, नाहीतर पदवीच्या अभ्यासक्रमातल्या चार उताऱ्यांपुरता. कोलत्यांच्या संपादनाबद्दल एक तक्रार मला आहे. ते अभ्यासकांसाठी लिहितात. टीपा, कोश, पाठ सगळे चोख, पण शेतावरून येऊन रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला आत नेणारी प्रस्तावना त्यांनी लिहिली नाही.

ती हातोटी रा. चिं. ढेरे यांच्याकडे होती. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ चा ग्रंथ. शेगावची पालखी दर आषाढीला पंढरपुरास पायी जाते. तिच्यासोबत चालणाऱ्या किंवा तिला निरोप देणाऱ्या प्रत्येक घराशी या पुस्तकाचे नाते आहे. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा लोकदेव, त्याचे वैष्णवीकरण पुढचे, असे ढेरे म्हणतात. तेवढे म्हणून थांबत नाहीत. स्थलपुराणे, कोरीव लेख, धनगरांच्या ओव्या, व्यंकटेशाशी असलेली साम्ये, माढ्याच्या मूर्तीचा पुरावा असे सगळे ते वाचकासमोर मांडतात आणि मग आपला निर्णय देतात. आपल्याला तो पटला नाही तरी कशावर तो उभा आहे हे दिसते. माढ्याची मूर्ती हीच मूळची विठ्ठलमूर्ती, या त्यांच्या मतावर वाद झाला, तो याच मोकळेपणामुळे होऊ शकला. ढेऱ्यांचा दोष म्हणायचा तर नामसाम्यावर ते कधीकधी फार भार टाकतात. दोन दैवतांच्या नावांत एक अक्षर सारखे निघाले की त्यांची लेखणी धावू लागते. त्यांच्या ‘लज्जागौरी’त हे अधिक जाणवते. तरीही दैवतांचा इतिहास भाविकाचा अपमान न करता आणि विद्वत्तेला मुरड न घालता सांगता येतो, हे मराठीत त्यांच्याइतके कोणी सिद्ध केले नाही. त्यांच्यामागे ग. ह. खरे यांचे ‘महाराष्ट्राची चार दैवते’ आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ आहे, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आहे. धर्मविषयक लेखनाचे दालन भरलेले आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

इतिहासाकडे वळले की चित्र बदलते. इथे पुस्तके आहेत, पण त्यांच्या आणि वाचकाच्या मध्ये कादंबरी उभी आहे. ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ वाचलेले शेकडो लोक भेटतात. त्या कादंबऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते कादंबरीतला संवाद व्याख्यानात पुरावा म्हणून फेकण्याशी. संभाजीराजांवरचा बदफैलीचा शिक्का पुसला तो वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने आणि त्यामागच्या दीर्घ कागदपत्र-शोधाने. कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने ते काम पुढे नेले. ‘छावा’ त्यानंतरची, १९७९ ची, आणि तिच्यावर बेतलेला चित्रपट २०२५ चा. निष्कर्ष सगळ्यांपर्यंत पोचला. तो कसा काढला गेला हे कोणापर्यंतच नाही. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. त्यांचे वडील लखुजी जाधव यांची १६२९ साली निजामशाही दरबारात हत्या झाली, ती का, हे विचारले तर उत्तर बहुधा कादंबरीतून किंवा मालिकेतून येते. शेजवलकर, गजानन मेहेंदळे यांच्या पानापानांवरच्या तळटीपा कंटाळवाण्या वाटतात खऱ्या, पण इतिहासाची गोडी लागायची तर ती तिथेच लागते.

आणि वऱ्हाडचे काय? यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ सालचा. बुलढाण्यात राहून एका माणसाने हा खटाटोप केला. मोगलाई आणि मराठे यांची दुअंमली, १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई, १८५३ साली इंग्रजांकडे गेलेला वऱ्हाड असा आपल्या मुलखाचा गुंतागुंतीचा हिशेब एका जिद्दीने मांडला आहे. आज वाचताना त्याच्या मर्यादा दिसतात. भर राजांवर आणि लढायांवर. कुणब्याचे, माळ्याचे, कोरकूचे जग जवळजवळ नाहीच. कापसाने या प्रदेशाचे काय केले याचा विचार नाही. शंभर वर्षे उलटली तरी सर्वसाधारण वाचकाला सांगावे तर आपण याच पुस्तकाचे नाव सांगतो, ही काळ्यांची थोरवी आणि आपली नामुष्की.

वासुदेव विष्णु मिराशी यांचे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हे मात्र अवघड असूनही मी आग्रहाने सुचवीन. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. वत्सगुल्म म्हणजे वाशीमला वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा होती हे त्यावरून कळले आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख नव्याने वाचावा लागला. तोवर विद्वानांनी राजांची वंशावळ चुकीची लावलेली होती. एका ताम्रपटातल्या थोड्या ओळींनी अजिंठ्याचा आश्रयदाता कोण या प्रश्नाचे उत्तर कसे फिरवले, हे मिराशी पायरीपायरीने दाखवतात. त्यांची भाषा कोरडी आहे. रहस्यकथेचा आव त्यांनी कुठेच आणला नाही, आणि तरी उत्कंठा तशीच.

गंभीर पुस्तकाला गिऱ्हाईक नाही, असे प्रकाशक म्हणतात. त्यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनाला जाऊन पाहावे. धर्मस्थळाच्या यात्रेत माणसे पुस्तके विकत घ्यायला रांगा लावतात, आणि घेतात ती ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’सारखी, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड, धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’. बुलढाणा जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांतल्या कपाटांत ही पुस्तके दिसतात, पेन्सिलीच्या खुणांसह. शरद पाटील यांचे ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हे मराठीतल्या अतिकठीण पुस्तकांपैकी एक. त्याचे वाचकही मला प्राध्यापकांपेक्षा या वर्गात जास्त भेटले. आपल्या जगण्याचा प्रश्न पुस्तकात आहे असे वाटले की माणूस भाषेच्या कठीणपणाला जुमानत नाही. या एका गोष्टीने प्रकाशकांची सबब खोटी ठरते.

आता कला. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींसमोर उभे राहावे, मेहकरला १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची मूर्ती पाहावी, सातगाव भुसारीची देवळे, रोहिणखेडची सोळाव्या शतकातली मशीद, सिंदखेडराजातली लखुजींची समाधी पाहावी आणि मग मराठीत यांवर काय वाचू, असा प्रश्न विचारावा. पर्यटनाच्या पुस्तिका मिळतात. सगळ्या दगडी देवळांना ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होणारे लेख मिळतात. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा यादवकाळाच्या अखेरचा मंत्री, आणि त्याच्या आधीची देवळेही त्याच्याच नावावर खपतात. पाहायला शिकवणारे पुस्तक मात्र सहज हाती येत नाही.

शिकण्याजोगे किती आहे याचा एक नमुना. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. ही चार आयुधे चार हातांत चोवीस प्रकारे मांडता येतात, आणि शास्त्रकारांनी प्रत्येक मांडणीला केशव, नारायण, माधव असे वेगळे नाव दिले. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असे मोजत जायचे. संध्येतली चोवीस नावे दगडात अशी उतरली आहेत. हे कळलेला माणूस मेहकरच्या मूर्तीपुढे नुसते हात जोडून परतणार नाही, दोन मिनिटे जास्त थांबेल. खऱ्यांचे ‘मूर्तिविज्ञान’ १९३९ चे, गो. बं. देगलूरकरांचे ‘विष्णुमूर्ते नमस्तुभ्यम्’ अलीकडचे. दोन्ही चांगली, पण एवढ्या मोठ्या भाषेत अशी पुस्तके बोटांवर मोजावी लागतात. द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ ही वेगळीच जात. एका काळाचे शिल्प, वस्त्र, काव्य, राजकारण यांतून एकच वीण दिसते, हा त्यांचा विचार झपाटून टाकणारा आहे. पुरावा तोकडा पडतो तिथे ते कल्पनेने उडी घेतात. इतिहासकार त्यांच्यावर रागावतात ते उगाच नव्हे. तरी चित्रकाराच्या डोळ्याने इतिहास वाचणारा असा लेखक दुसरा झाला नाही. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादलेला दृश्यकलेचा चरित्रकोश २०१३ साली आला, तो मोलाचा. पण कोश म्हणजे वाचनाची सुरुवात नव्हे.

या दारिद्र्याचे एक कारण खर्चाचे आहे. चांगल्या छायाचित्रांशिवाय कलेचे पुस्तक होत नाही आणि मराठी प्रकाशक मातकट, काळवंडलेल्या चित्रांवर वेळ मारून नेतो. दुसरे कारण दृष्टीचे. देवळातली मूर्ती ही पूजेची, आणि कला म्हणजे मुंबईच्या दालनातली, अशी वाटणी आपण करून टाकली. वरवट बकालच्या उत्तरेला सातपुड्यात कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्तंभ उभारत आले. त्यांना तर या वाटणीत कुठेच घर नाही.

गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीला म्हणून सांगणे आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मिळणाऱ्या अनुदानातून पुस्तके घेताना विक्रेत्याची छापील यादी डोळे झाकून उचलू नका. यंदा कादंबऱ्यांचा एक संच कमी करा आणि कोलत्यांचे चक्रधर चरित्र, ढेऱ्यांचा ‘श्रीविठ्ठल’, बेंद्रे किंवा कमल गोखले यांचे संभाजीचरित्र, कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ आणि देगलूरकर मागवा. जे बाजारात नाही त्याची मागणी लेखी नोंदवा; साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवूनही घेता येतात. काळ्यांच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ची मात्र नुसती नवी आवृत्ती पुरणार नाही. तो इतिहास नव्याने लिहिला गेला पाहिजे, आणि लिहिणारा याच मातीतला असला तर उत्तम.