'कुल्तुरा' : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

'संस्कृती' हा शब्द 'कल्चर'चा पर्याय म्हणून मराठीत इतका रुळला आहे की, त्या पाश्चात्त्य शब्दाच्या मुळाशी नांगरलेली जमीन आहे, याचे स्मरण सहसा राहत नाही. लॅटिनमधील 'कुल्तुरा' या शब्दाचा वाच्यार्थ लक्ष्यार्थात परिणत होताना त्यातून काय गळून पडले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'कुल्तुरा' हे नाम 'कोलेरे' या धातूपासून सिद्ध झाले. जमीन कसणे, वस्ती करणे, जोपासणे, देवाची उपासना करणे हे सर्व अर्थ त्या धातूत नांदतात. 'कोलोनुस' म्हणजे कसणारा आणि 'कोलोनिया' म्हणजे वसाहत. आपल्या शहरांतील 'कॉलनी' याच कुळातली. तेथे कसण्याजोगे कुंडीपलीकडे काही नसते, हा भाग निराळा! 'कुल्तुरा' या नामाचा वाच्यार्थ मात्र शेतीचाच आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात थोरल्या केटोने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या मते उत्तम मशागतीत पहिला मान चांगल्या नांगरटीचा, दुसराही नांगरटीचाच आणि तिसरा खताचा.

हा शब्द मनाला लावला सिसेरोने. इ. स. पू. ४५ मध्ये कन्या तुल्लिया हिच्या निधनानंतर त्याने 'तुस्कुलानी संवाद' लिहिले. त्यांच्या दुसऱ्या भागात, वेदना कशी सोसावी या चर्चेच्या ओघात, तत्त्वज्ञान म्हणजे मनाची मशागत हे रूपक येते. ते कोणत्या प्रसंगी येते, इकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. संवादातील श्रोता शंका काढतो की, कित्येक तत्त्वज्ञ स्वतः निंद्य जीवन जगतात, मग तत्त्वज्ञानाचा उपयोग तो काय? सिसेरोचे उत्तर असे की, कसलेले प्रत्येक शेत पिकतेच असे नाही, तशीच मनाची गोष्ट आहे. पण सुपीक जमीनही कसल्यावाचून फळ देत नाही. म्हणजे हे प्रसिद्ध रूपक गौरवासाठी नव्हे, अपयशाची कबुली देण्यासाठी अवतरले आहे. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही प्रयोजनवती लक्षणा होय. पीक बुडण्याची शक्यता हाच तिचा प्राण आहे. आजच्या 'कल्चर'मध्ये ती रूढिलक्षणा झाली आहे; त्या शब्दात पीक बुडत नाही.

तथापि सिसेरोच्या रूपकातही एक गाळीव जागा आहे. रोमन जमीनदाराचे शेत मोठ्या प्रमाणावर गुलाम कसत. केटो मालकाला सल्ला देतो की, म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारे विकून टाकावीत. आणि त्याच यादीत म्हातारा व आजारी गुलामही येतो. सिसेरोच्या वाक्यात तण उपटणारे आणि बी पेरणारे हात तत्त्वज्ञानाचे आहेत, शेत मनाचे आहे. कसणारा माणूस मात्र दिसत नाही. लक्ष्यार्थ उदात्त होतो तो वाच्यार्थातील घाम पुसून, असे येथे म्हणावेसे वाटते.

भारतीय भाषांत हा शब्द आला तेव्हा निवडीची संधी होती. बंगालीत 'कृष्टि' हा प्रतिशब्द सुचवला गेला. त्यात 'कृष्' म्हणजे नांगरणे हा धातू होता. रवींद्रनाथांना तो रुचला नाही. 'संस्कृती' हा शब्द १९२२ साली पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून आपल्याला मिळाला, असे सुनीतिकुमार चतर्जी यांनी नमूद केले आहे. रवींद्रनाथांनी तो पसंत केला. ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांच्या संदर्भात आलेला हा शब्द प्राचीन व सुंदर आहे, यात संशय नाही. परंतु त्यात 'सम्' आणि 'कृ' आहेत, माती नाही. शुद्ध करणे, घडवणे, संस्कार करणे या अर्थांत संस्कार करणारा उच्चासनावर असतो. नांगरणारा वाकलेला असतो. रवींद्रनाथांचा कान अचूक होता, हे मान्य करूनही 'कृष्टि'ने मुळाशी अधिक इमान राखले होते, असे आमचे मत आहे.

सिसेरोच्या शब्दांचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्याला 'मनाची संस्कृती' म्हणता येत नाही. 'मनाची मशागत' म्हणावे लागते, आणि तसा प्रयोग मराठीत रूढ आहेच. 'मशागत' अरबी 'मशक्कत'वरून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ कष्ट.