लहान शहरांचे विकास आराखडे आणि आरक्षणांचा प्रश्न : एक चिकित्सा

महाराष्ट्रातील नगरपरिषदेचा विकास आराखडा नकाशा, अहवाल आणि नियमावली अशा तीन अंगांचा असतो. यांपैकी नियमावली डिसेंबर २०२० पासून, मुंबई व अन्य काही अपवाद वगळता, सर्व राज्यासाठी एकच आहे. त्यामुळे त्या त्या गावाचे स्वतःचे असे जे काही आराखड्यात उरते ते नकाशात आणि अहवालातच. प्रस्तुत लेखात या दोहोंचा विचार मुख्यतः एका प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे : जी जमीन विकत घेण्याची ऐपत नगरपरिषदेपाशी नाही, ती नकाशावर राखून ठेवल्याने गावाच्या पदरात नेमके काय पडते?

अहवालाचा आरंभ बहुधा इतिहासाने होतो. नदी, देवस्थान, आठवड्याचा बाजार यांवर एक-दोन परिच्छेद झाले की लोकसंख्येचे भाकीत येते. मागील जनगणनांचे आकडे घेऊन अंकगणिती, भूमितीय अशा पद्धतींनी पुढील वीस वर्षांची वाढ काढावयाची आणि त्यांची सरासरी धरावयाची, असा परिपाठ आहे. मोठ्या शहराच्या बाबतीत ही रीत निभावून जाते. पंचवीस-तीस हजार वस्तीच्या गावात मात्र साखर कारखाना बंद पडणे किंवा महामार्ग गावाबाहेरून जाणे, यांपैकी एकच घटना सर्व गणित मोडण्यास पुरेशी असते. त्यातच २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना लांबल्याने अलीकडील आराखड्यांना २०११ च्याच आकड्यांवर विसंबावे लागले आहे.

शिवाय वाढ होते ती पुष्कळदा हद्दीबाहेर. शहरी लक्षणे असूनही ज्यांना नगरपालिका नाही अशी ‘जनगणना नगरे’ देशात २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. शेजारच्या ग्रामपंचायतीच्या शिवारात प्लॉट पडत असताना नगरपरिषदेचा नकाशा आपल्या सीमारेषेशी प्रामाणिकपणे थांबतो. महाविद्यालयांनाही हा अनुभव परका नाही. स्वस्त जमीन मिळाली म्हणून गावाबाहेर इमारत बांधावी, आणि दहा वर्षांत तीच इमारत आजूबाजूच्या प्लॉटांच्या जाहिरातीत ‘कॉलेजजवळ’ म्हणून झळकावी, हे अनेक तालुक्यांच्या गावी घडले आहे.

भाकीत कितीही डळमळीत असले तरी नकाशा त्यावरच उभा राहतो. अमुक लोकसंख्येमागे अमुक शाळा, उद्याने, क्रीडांगणे हे प्रमाण लावून आरक्षणे टाकली जातात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आरक्षित जमीन तीन मार्गांनी मिळवता येते : मालकाशी करार करून मोबदला देणे, मोबदल्याऐवजी चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देणे, अथवा भूसंपादन. समजा, एक हेक्टर क्रीडांगणाच्या जमिनीचा बाजारभाव एक कोटी रुपये आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी हद्दीत त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे मोबदला किमान दोन कोटींवर जातो. नकाशावर अशी आरक्षणे अनेक असतात. जकात गेल्यानंतर घरपट्टी, पाणीपट्टी आणि शासकीय अनुदान यांवर चालणाऱ्या नगरपरिषदेने हा पैसा कोठून आणावा, या प्रश्नाला अहवालात क्वचितच समाधानकारक उत्तर मिळते. विकास हक्कांचा मार्ग मुंबई-पुण्यात चालतो, कारण तेथे त्यांना गिऱ्हाईक आहे. जेथे मूळचेच चटईक्षेत्र पुरते वापरले जात नाही, तेथे जादा हक्क कोण घेणार?

याची परिणती कलम १२७ मध्ये होते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द झाले असे मानले जाते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. ती २००९ मध्ये बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिन्यांची झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात, शासनाकडे नुसता प्रस्ताव पाठविणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, असे बहुमताने ठरविले. मुदत वाढविल्याने तिजोरी भरत नाही, ही साधी गोष्ट या दुरुस्त्यांमध्ये दृष्टीआड झालेली दिसते.

तरतूद न्याय्य आहे, यात शंका नाही. एखाद्याची जमीन मोबदल्यावाचून अनिश्चित काळ अडकवून ठेवणे समर्थनीय नाही. परंतु तिचा लाभ कोणाला होतो तेही पाहिले पाहिजे. वकील देऊन सूचना बजावणे आणि प्रसंगी उच्च न्यायालयापर्यंत जाणे मोठ्या जमीनमालकाला परवडते. वीस गुंठ्यांचा मालक बहुधा आरक्षणाखालीच पिचत राहतो. त्याला कर्ज मिळत नाही आणि जमिनीला गिऱ्हाईक येत नाही. गावाच्या बाजूनेही तोटाच होतो. ज्या मोक्याच्या जमिनी राखल्या होत्या, त्याच सुटून बांधकामाखाली जातात.

रंगांचे अर्थशास्त्रही याच जातीचे आहे. नकाशावर पिवळा म्हणजे रहिवास आणि हिरवा म्हणजे शेती. बांधाच्या अलीकडची जमीन पिवळी व पलीकडची हिरवी ठरली की दोघा भावांच्या वाट्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. ज्याला लाभ झाला त्याने गावाला फारसे काही द्यावयाचे नाही आणि ज्याचे नुकसान झाले त्याला काही मिळावयाचे नाही, अशी ही विभागणी आहे. मग हिरव्यातून पिवळ्यात येण्याची खटपट सुरू होते. ज्यांना तीही जमत नाही ते गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकतात. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना लागू करावा लागला. या दोन तारखांमधली वीस वर्षे आराखड्यांच्या परिणामकारकतेविषयी पुरेसे सांगतात. दंड भरून घर नियमित होते. न सोडलेला रस्ता आणि न सोडलेले मैदान मात्र दंडाने परत येत नाही.

वस्तुतः पर्याय त्याच अधिनियमात आहे. नगररचना परियोजनेत सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धरून प्रत्येकाकडून काही हिस्सा रस्ते व सार्वजनिक उपयोगासाठी घेतला जातो आणि उरलेल्या जमिनीचा आखीव अंतिम भूखंड त्याला परत मिळतो. कोणाची जमीन सर्वस्वी जात नाही आणि कोणी फुकटचा लाभार्थी ठरत नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने ही पद्धत आणली. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथे तशा परियोजना झाल्या, त्या काळात ही ठिकाणे मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरची लहान गावेच होती. गुजरातने हा मार्ग पुढे चालविला. २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावठाणाची पुनर्रचना आठ नगररचना परियोजनांद्वारे झाली. तेथे अगदी लहान भूखंडांकडून काही न घेता मोठ्यांकडून चढत्या प्रमाणात जमीन घेण्यात आली. महाराष्ट्रात मात्र १९६६ नंतर आरक्षण हेच मुख्य साधन होऊन बसले.

अर्थात परियोजना म्हणजे रामबाण नव्हे. तिला काटेकोर मोजणी लागते, आणि सात-बारावर मृत व्यक्तींची नावे, वारसांचे तंटे व तोंडी वाटण्या असताना ती वर्षानुवर्षे रेंगाळू शकते. लवादाचे काम संथ चालते. ‘क’ वर्ग नगरपरिषदेत पुरेसा तांत्रिक कर्मचारीवर्गही नसतो. भुजमध्ये आपत्तीमुळे जी निकड आणि जो निधी उपलब्ध झाला, तो एरवी कोठेही मिळणार नाही, हा आक्षेपही रास्त आहे. तथापि सबंध गावाची परियोजना एकदम करण्याचे कारण नाही. पुढील पाच वर्षांत जेथे प्लॉट पडणार हे गावातल्या कोणत्याही दलालाला आज ठाऊक आहे, तेवढ्या शंभर-दीडशे एकरांपासून आरंभ करता येतो. आराखडा तयार करताना अधिनियमानुसार विद्यमान भूवापराचा नकाशा आधी करावाच लागतो. त्याच वेळी या पट्ट्यातील गटवार मालकी तपासून घेतली, तर परियोजनेतील सर्वांत वेळखाऊ काम प्रारूप प्रसिद्ध होण्याआधीच बरेचसे उरकलेले असेल.