न पाहता घ्यावा असा ‘साया’

माझा पुतण्या ब्रिटनहून सुटीवर यायचा होता. निघण्याआधी त्याने फोनवर विचारले, “चाची, काय आणू?” साबण आणि चॉकलेटांच्या यादीत मी एका चित्रपटाची डिस्क घातली आणि फोन ठेवल्यापासून मनात चलबिचल सुरू झाली. पौंडातली किंमत रुपयांत मांडली की शिक्षकाच्या घरात ती उगाच मोठी दिसते. शिवाय चित्रपट मी पाहिलेला नव्हता. भयपट, तोही फारसी भाषेतला आणि १९८८ सालच्या तेहरानमधला. दिग्दर्शक बाबक अन्वरी यांचा ‘अंडर द शॅडो’, २०१६ सालचा.

स्टाफरूममध्ये सहज विषय निघाला तेव्हा आमचे एक सर म्हणाले, “आपा, क्यूं पैसे जाया करते हैं? त्यात चादरवाली बाई भूत दाखवली आहे. आपल्या पैशाने आपलीच बदनामी विकत घ्यायची?” मी विचारले, तुम्ही पाहिलात का? त्यांनीही पाहिला नव्हता. म्हणजे न पाहता घेऊ पाहणारी मी आणि न पाहता नाकारणारे ते, दोघे एकाच बाकावर बसलो होतो.

सरांचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही. कर्नाटकात २०२२ मध्ये मुली कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डोक्यावरचे कापड उतरवा, मग वर्गात या, असे आपल्या मुलींना सांगितले जात असताना हवेत फुगलेल्या चादरीचे भूत दाखवणारा चित्रपट विकत आणायचा, तर हात थोडा अडखळणारच. या चित्रपटाच्या जाहिरातीत तेच चित्र पुढे केले जाते, हेही खरे.

मग ठरवायचे कशावरून? पुरस्कारांवरून ठरवावे तर ब्रिटनने तो ऑस्करच्या परभाषिक विभागासाठी पाठवला होता आणि २०१७ मध्ये त्याला पदार्पणासाठीचा बाफ्ता मिळाला. पण यावरून एवढेच कळते की विलायतेतल्या जाणकारांना तो आवडला. आमच्या सरांचा संशय त्याने कमी होत नाही, वाढतोच. मागच्या कव्हरवरचा मजकूर तर सगळ्याच भयपटांचा सारखा असतो. मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, चित्रपट कोणी केला. अन्वरी तेहरानला जन्मले, लढाईच्या वर्षांत ते लहान मूल होते. म्हणजे हे बाहेरून डोकावणाऱ्याचे काम नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे काळ. ऐतिहासिक काळातल्या भयपटांत बहुधा जुना वाडा, कंदील आणि झब्बे एवढाच इतिहास असतो. तारीख पुसून टाकली तरी कथेचे काही बिघडत नाही. इथे कथेचा चार ओळींचा सारांश वाचतानाही लक्षात येत होते की १९८८ काढले तर काही शिल्लकच राहणार नाही. एवढ्या भांडवलावर मी पुतण्याला ‘आण’ म्हणून सांगितले. आता पाहून झाल्यावर लिहिते आहे.

इराण-इराक युद्ध सप्टेंबर १९८० मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट १९८८ मध्ये थांबले. शेवटच्या वर्षी इराकची क्षेपणास्त्रे थेट तेहरानवर पडू लागली आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. शिदेह ही या शहरातली एक विवाहित बाई. वैद्यकीय शिक्षण अर्धवट राहिलेली. क्रांतीच्या काळात डाव्या चळवळीत होती म्हणून विद्यापीठ तिला परत घेत नाही. चित्रपटाची सुरुवातच या नकाराने होते. नवरा इरज डॉक्टर आहे, त्याला आघाडीवर जाण्याचा हुकूम येतो. तू मुलीला घेऊन माझ्या आईवडिलांकडे जा, असे तो सांगतो आणि ती जात नाही. राहतात शिदेह आणि तिची लहान मुलगी दोरसा.

पहिला अर्धा तास भूत नाही की पिशाच्च नाही. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या आहेत, भोंगा वाजला की सगळी इमारत तळघरात धावते, भोंगा थांबला की वर येऊन चहा ठेवते. व्हिडिओ बाळगणे तेव्हा गुन्हा होता, म्हणून शिदेह पडदे लावून जेन फोंडाच्या कॅसेटवर व्यायाम करते आणि बेल वाजली की यंत्र लपवते. ज्यांना रामसे बंधूंच्या पद्धतीने दहाव्या मिनिटाला किंकाळी हवी, त्यांना हा भाग कंटाळवाणा वाटेल. मला तोच सर्वांत भीतीदायक वाटला. मग वरच्या मजल्यावर एक क्षेपणास्त्र न फुटता येऊन अडकते. तिथला म्हातारा दगावतो, छताला भेग पडते आणि इमारत हळूहळू रिकामी होऊ लागते. दोरसाची बाहुली हरवते. बाहुलीचे नाव कीमिया. उर्दू जाणणाऱ्याला ते ऐकून गंमत वाटेल. शेजारीण सांगते की जिन्न वाऱ्याबरोबर येतात आणि माणसाची लाडकी वस्तू नेली की त्या माणसाला सोडत नाहीत.

जिन्नांचा उल्लेख कुरआनात आहे, ७२वी सूरह त्यांच्याच नावाची आहे. पण वस्तू पळवण्याचा हा भाग लोकसमजुतीतला. आपल्या घराघरांत दादी-नानी सांगत आल्या तशाच जातीचा. गंमत अशी की शिकलेली शिदेह हे सगळे थोतांड म्हणते आणि चित्रपट तिला खोटे पाडतो. श्रद्धाळू शेजारीणच बरोबर ठरते. धर्माची टिंगल करायला निघालेल्या माणसाने कथा अशी रचली नसती.

आता चादरीकडे येते. एका रात्री घाबरलेली शिदेह मुलीला उचलून तशीच उघड्या डोक्याने रस्त्यावर धावत सुटते. पहारेकरी तिला पकडतात. इराणच्या १९८३ च्या कायद्याने उघड्या डोक्याला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा होती. तिला फटक्यांची भीती दाखवून, चादर देऊन घरी पाठवले जाते, त्याच घरी, जिथून ती जीव घेऊन पळाली होती. तिला कशाची भीती वाटली, हे कोणी विचारत नाही. नंतर घरात फिरणारी ती फुलाफुलांची चादर पाहताना हा प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून मला सरांना सांगावेसे वाटते की भूत चादरीचे नाही, जबरदस्तीचे आहे. आणि जबरदस्ती तेहरानच्या रस्त्यावर चादर घालायला लावते, तशी आपल्याकडे कॉलेजच्या दारात ती काढायलाही लावते. २०२२ च्या सप्टेंबरात महसा अमिनी या तरुणीचा तेहरानमध्ये पोलीस कोठडीत असताना झालेला मृत्यू आठवला तर या भुताचे वय किती आहे तेही कळते.

तरीही माझ्या मते चादर हा या चित्रपटाचा गाभा नाहीच. जिन्न शिदेहला जे ऐकवतो ते जास्त खोल लागते. फोनवर नवऱ्याच्या आवाजात तो तिला नालायक ठरवतो. दोरसाला एक अदृश्य बाई सांगत राहते की तुझ्या आईपेक्षा मी तुला चांगली सांभाळीन. मेलेल्या आईने लिहून दिलेले वैद्यकाचे एक पुस्तक शिदेहने बाकीची पुस्तके टाकून देतानाही कुलपात जपून ठेवलेले असते. मुलीची बाहुली, तसे आईचे पुस्तक. बी.एड.च्या वर्षी माझी मुलगी दोन वर्षांची होती. संध्याकाळी घरी आले की ती सासूबाईंच्या मांडीवरून उठायची नाही. कोणी काही बोलत नव्हते, पण घरातली हवा बोलायची. त्या पुस्तकाचे पुढे काय होते ते इथे सांगत नाही. मात्र तो भाग पाहताना मी डिस्क थांबवून पाणी प्यायले.

नावाबद्दल एक गोष्ट. फारसीत चित्रपटाचे नाव ‘जेरे साया’ या अर्थाचे, जवळजवळ त्याच शब्दांचे आहे. इंग्रजी ‘शॅडो’त फक्त अंधार येतो. आपल्या उर्दूत वडीलधाऱ्यांच्या साऱ्या कृपेला, छत्राला ‘साया’ म्हणतात, “माँ का साया उठ गया” म्हणतात, आणि कोणाला बाधा झाली तरी “उस पर साया है” असेच म्हणतात. एकाच शब्दात आसरा आणि बाधा. शिदेहच्या डोक्यावर पडणारे कापड, नवऱ्याचा सल्ला, तळघर, सगळेच या दोन अर्थांच्या मध्ये लोंबकळते. इंग्रजी समीक्षकाला हे दिसायचे नाही. ते पाहायला आपल्याकडची कानाची सवय लागते. म्हणून चित्रपट मूळ फारसी आवाजातच पाहावा. जंग, खतर, पनाहगाह असे शब्द कानावर पडत राहतात आणि इंग्रजी न येणाऱ्या माझ्या सासूबाईंनाही बरेचसे उमगत होते.

उणिवा आहेत. शेवटच्या वीस मिनिटांत संगणकाची करामत जरा जास्तच झाली आहे. चादर अवाढव्य होते आणि अवाढव्य झाल्यावर तिची भीती कमी होते. दाराच्या फटीतून तिचे टोक दिसत होते तोवर अंगावर काटा होता. चित्रीकरण जॉर्डनमध्ये झाले आहे, त्यामुळे शहर फारसे दिसत नाही. एका इमारतीतच सगळे घडते. ते मला खटकले नाही, पण तेहरान पाहायला बसाल तर निराश व्हाल. दोरसाच्या वयाच्या मुलांना मात्र दाखवू नये. रक्तपात जवळजवळ नाही, पण आई आपल्याला सोडून जाईल या भीतीला रक्त लागत नाही.

चित्रपट ८४ मिनिटांचा आहे, म्हणजे इशानंतर लावला तरी सकाळच्या शाळेला अडचण नाही. घेणाऱ्यांसाठी व्यवहाराची एक सूचना. ब्रिटनमधली डीव्हीडी दुसऱ्या विभागाची असते आणि आपल्याकडची यंत्रे पाचव्या विभागाची, त्यामुळे साध्या यंत्रावर ती चालेलच असे नाही. आमची पहिल्या दिवशी चालली नाही. शेजारच्या मुलाच्या संगणकावर पाहावी लागली. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने हा चित्रपट दाखवला होता, तेव्हा डिस्क मागवण्याआधी तिथे मिळतो का ते पाहून घ्यावे. नाही मिळाला तर न पाहता घ्यायला माझी हरकत नाही.

सरांना मी डिस्क देऊ केली आहे. त्यांनी ती नेली नाही, पण परवा विचारत होते, तो विभागाचा घोळ मिटला का.