मक्षिकास्थाने मक्षिका

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासायला मी उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे जातो. एप्रिल-मे मधले खानदेशचे ऊन, पंख्याखाली फडफडणारे कागद आणि टेबलावर सोनेरी अक्षरांत नावे छापलेले पंधरा-वीस बांधीव प्रबंध. मला एक खोड आहे. मी प्रबंध शेवटून उघडतो. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला वाटते, सरांचे लक्ष नाही. कारण शेवटची चार-पाच पाने म्हणजे संदर्भसूची, आणि ती कोणी वाचते असे त्याला दोन वर्षांत कधी दिसलेलेच नसते.

एकदा एकाच दिवशी तीन प्रबंध लागोपाठ हाती आले. एक तापीतल्या शेवाळांवर, एक केळीच्या पानांवरील करप्यावर आणि एक सातपुड्यातल्या एका औषधी वनस्पतीवर. तिन्ही सूचींत लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा निबंध होता. यात नवल नाही. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा हा निबंध विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा उल्लेखला गेलेला आहे; उल्लेखांची संख्या तीन लाखांच्या पुढे गेली त्यालाही आता दहा वर्षे होऊन गेली. नवल पुढे होते. तो निबंध ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’च्या १९३ व्या खंडात आहे. तिन्ही प्रबंधांत खंड १३९ होता. आणि दुसऱ्या लेखिकेचे रोझब्रो हे आडनाव तिन्हीकडे ‘रोझनब्रो’ झाले होते.

मी तिघांनाही विचारले, हा निबंध पाहिलात का? दोघे गप्प राहिले. तिसऱ्याने सरळ सांगितले, “नाही सर, मागच्या बॅचच्या प्रबंधात होता.” मला त्याचे उत्तर आवडले. त्याला मी दोन गुण जास्तच दिले असतील.

शिक्षकाला यात नवीन काही नाही. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखे आले तर आपण काही म्हणत नाही. चूक सारखी आली, की मान वर करून कोण कोणाच्या शेजारी बसले होते ते पाहतो. मूळ हस्तलिखितावर मेलेली माशी चिकटलेली दिसली म्हणून नकलेतही त्या जागी माशी चिकटवणाऱ्या लेखनिकाची गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये हीच युक्ती विज्ञानाच्या वाङ्मयाला लावली. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांचा १९७३ सालचा एक गाजलेला निबंध त्यांनी घेतला (पुढे २०१६ मध्ये या दोघांना नोबेल मिळाले). त्याचा उल्लेख तोवर सुमारे ४३०० वेळा झाला होता. त्यांतल्या १९६ उल्लेखांत खंड, पान किंवा वर्ष चुकले होते. पण वेगवेगळ्या चुका किती? फक्त ४५. एकच चूक तर ७८ जणांनी जशीच्या तशी केली होती. आपापल्या हाताने चुकणाऱ्या माणसांच्या चुका इतक्या जुळत नाहीत. यावरून त्यांनी हिशेब मांडला, की मूळ निबंध वाचून त्याचा उल्लेख करणारे पाचात एक असावेत. हा अंदाज ढोबळ आहे. एखाद्याने निबंध नीट वाचलेला असतो आणि सूची तयार करताना मात्र नाव-पान दुसरीकडून उतरवलेले असते. पण पाचात एक नाही, पाचात दोन म्हणा. खेदाची बाब ती खेदाचीच राहते.

यावर एका प्राध्यापक मित्राने मला विचारले, “खंड १९३ ऐवजी १३९ पडला म्हणून प्रथिने कमी मोजली गेली का?” प्रश्न रास्त आहे. प्रथिने तेवढीच राहिली. पण सगळे संदर्भ लॉरीच्या निबंधासारखे निरुपद्रवी नसतात. याचे उदाहरण आपल्या खानदेशातच घडले आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ते जवळजवळ माहीत नसते याचे मला वाईट वाटते.

रानपिंगळा हे छोटे घुबड. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याहून रंगाने गडद, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, आणि दिवसाउजेडी फिरणारे. १८७२ मध्ये ब्लेविट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात त्याचा पहिला नमुना मिळवला आणि ॲलन ह्यूम याने १८७३ मध्ये त्याला ब्लेविटचेच नाव दिले. नंतरचे बहुतेक नमुने जेम्स डेव्हिडसन याने पश्चिम खानदेशात मिळवले. डेव्हिडसन इथला सनदी अधिकारी. त्याने १८८२ मध्ये पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक कच्ची यादी ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. नाव ‘कच्ची यादी’, पाने मात्र चाळीसच्या वर. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला मिळाला नाही. सगळ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून सातेक नमुने, एवढाच त्याचा पुरावा उरला.

त्या सातांतला एक वेगळा होता. रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या या नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतले मांडवी हे ठिकाण होते. माणूस नामांकित, संग्रह वीस हजार पक्ष्यांचा. शंका घ्यायची कोणी? पक्षी १९१४ पर्यंत होता आणि गुजरातेत होता, हे पुस्तकांतून पुस्तकांत गेले. डिलन रिप्ले आणि सालिम अली यांच्यासारख्यांनी घेतलेले शोधही व्यर्थ गेले. पक्षी नामशेष झाला असे बहुतेकांनी मनाशी धरले.

पॅमेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरील ग्रंथाच्या कामासाठी संग्रहालयांतले नमुने एकेक करून पाहत होत्या. ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्येच माइनर्ट्झहेगनच्या काही नमुन्यांवर लबाडीचा ठपका ठेवला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे घुबड तपासले. पक्ष्याचे कातडे सोलून त्यात कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी निराळी असते. शिंप्याची टीप ओळखावी तशी ती ओळखता येते. क्ष-किरण चित्रे काढली, टाके पाहिले, इतर नमुन्यांशी ताडून पाहिले. नमुना उसवून पुन्हा भरलेला होता, तरी आत डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. म्हणजे हे खानदेशातलेच घुबड. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेले, नवी चिठ्ठी लावलेले आणि १९५४ मध्ये बाकीच्या संग्रहाबरोबर त्याच संग्रहालयाला उदार हाताने दान केलेले! त्यांचा हा निबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ मध्ये आला.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर उरल्या त्या खऱ्या चिठ्ठ्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळली. तिथे काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या खंडवा भागातही तो सापडला. आजही तो संकटग्रस्तच आहे, पण कोणत्या रानाला जपायचे ते आता ठाऊक आहे.

१९९९ चा तो निबंध मी धुळ्याच्या एका वर्गात वाचून दाखवला आहे. त्याची भाषा रुक्ष, कोष्टके कंटाळवाणी. तरी शेवटच्या बाकावरचीही मुले ऐकत होती. निबंधाचा रोख लबाडीवर आहे आणि ते साहजिक आहे. माझे मत मात्र थोडे वेगळे पडते. लबाड माणूस शंभरांत एखादा. चोरीचा नमुना १९५४ पासून सार्वजनिक संग्रहालयाच्या कपाटात होता. कोणीही खण ओढून डेव्हिडसनच्या नमुन्यांशेजारी ठेवून पाहू शकला असता. चाळीस वर्षे तसे झाले नाही, कारण मांडवीची नोंद आधीच्या पुस्तकात होती आणि पुढच्याला तेवढे पुरेसे होते. आपला विद्यार्थी माइनर्ट्झहेगन नव्हे. पण माइनर्ट्झहेगनचा भरवसा ज्यांच्यावर होता त्यांच्या रांगेत आपण त्याला उभे करतो आहोत.

‘आपण’ म्हणालो ते मुद्दाम. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक जुना जर्मन निबंध आहे. मला जर्मन येत नाही. एका इंग्रजी आढाव्यात त्याचा निष्कर्ष एका वाक्यात दिला होता, तो मी उचलला आणि सूचीत मूळ निबंधच वाचल्यासारखा लिहिला. काही वर्षांनी परदेशातल्या एका संशोधकाने ई-मेलने नम्रपणे विचारले, की त्या निबंधातला अमुक तक्ता तुमच्या विधानाच्या उलट दिसतो, तुम्ही तो कसा लावता? मी तक्ता पाहिलेलाच नव्हता. उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. ‘अमुक यांच्या आढाव्यात उद्धृत’ एवढे चार शब्द प्रबंधात असते, तर ते तीन दिवस वाचले असते.

आता आपल्याकडच्या शिकवण्याविषयी. २०२३-२४ पासून राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधनपद्धती हा स्वतंत्र विषय आला, हे चांगले झाले. पण जे प्रबंध आणि ज्या वह्या मी पाहतो त्यांवरून दिसते, की या विषयात संदर्भ म्हणजे विरामचिन्हांचे व्याकरण: नावानंतर स्वल्पविराम की पूर्णविराम, वर्ष कंसात की शेवटी, नियतकालिकाचे नाव तिरप्या अक्षरांत की सरळ. यावर गुण जातात. निबंध उघडला का, यावर जात नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी प्रबंधातल्या साम्याच्या पायऱ्या ठरवल्या: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, साठाच्या पुढे गेल्यास नोंदणी रद्द. हेतू चांगला आहे. पण याच नियमांप्रमाणे साम्य मोजताना संदर्भसूची वगळायची असते. तसे करणे बरोबरच आहे, कारण एकच निबंध दहा जणांच्या सूचीत येणारच. परिणाम मात्र असा, की प्रबंधाचा जो भाग सर्वांत जास्त उतरवला जातो तोच यंत्राला दिसत नाही. तो माणसानेच पाहायला हवा, आणि माणूस शेवटची पाने उघडत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत चॅटजीपीटीसारख्या साधनांनी रचलेले, कधी लिहिलेच न गेलेले निबंधही सूचीत दिसू लागले आहेत. त्यांची नावे तर खऱ्यांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतात.

विद्यार्थ्यांची बाजूही आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात परदेशी नियतकालिके येत नाहीत, आणि एकेका निबंधासाठी मागितलेली डॉलरमधली किंमत ऐकून पालकांना घेरी येईल. पण हे कारण दिले जाते तितके खरे नाही. ‘स्ट्रे फेदर्स’चे खंड आणि १८८० चे खानदेश गॅझेटियर आता इंटरनेटवर फुकट आहेत. देशभरातले प्रबंध शोधगंगेवर आहेत. लॉरीचा निबंधही कोणालाही उघडता येतो. राहिलेल्यांसाठी लेखकाला दोन ओळींचे पत्र टाकले, तर तो बहुधा आनंदाने प्रत पाठवतो. आपला निबंध कोणी मागितला याचे सुख मोठे असते.

आणि धुळ्याला तर मुळापर्यंत जाण्याची शिकवण बाहेरून आणायची गरज नाही. १९२६ च्या शेवटच्या दिवशी वि. का. राजवाडे धुळ्यात वारले. त्यांचे नाव लावणारे संशोधन मंडळ तेव्हापासून या गावात आहे. अस्सल कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इतिहास लिहायचा नाही, यासाठी हा माणूस आयुष्यभर गावोगाव दप्तरे शोधत हिंडला. विज्ञानाच्या किती विद्यार्थ्यांनी ती वास्तू आतून पाहिली आहे? मी विचारतो तेव्हा हात क्वचितच वर येतो. इतिहास हा कलाशाखेचा विषय, असे त्यांना सांगितलेले असते.

नावांचा आणि सरहद्दींचा घोळ आपल्याकडे जास्त आहे, त्यामुळे काळजीही जास्त हवी. डेव्हिडसनच्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. रानपिंगळा सापडला तेव्हा शहादे धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला आणि ते तिकडे गेले. दोन निबंधांत दोन जिल्हे दिसले म्हणून पक्षी दोन ठिकाणी सापडला असे लिहिणारा विद्यार्थी मला भेटला आहे. जळगावच्या विद्यापीठालाही २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. २००५ च्या प्रबंधावर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असेच लिहायला हवे.

मागच्या खेपेला शहादे भागातली एक विद्यार्थिनी तोंडी परीक्षेला होती. विषय सातपुड्याच्या पायथ्याचे पक्षी. सूचीत डेव्हिडसन, १८८२. मी सवयीने विचारले, पाहिलात का? तिने पिशवीतून छापील प्रतींचा गठ्ठा काढला. समासात पेन्सिलीने गावांची आजची नावे लिहिली होती, कारण इंग्रजांनी केलेले स्पेलिंग वाचून गाव ओळखू येत नाही. काहींपुढे ‘आजोबांना विचारले’ अशी नोंद होती. एका नावापुढे प्रश्नचिन्ह होते. ते गाव कोणते असेल यावर आम्ही तिघे, म्हणजे ती, तिचे मार्गदर्शक आणि मी, नकाशा पसरून बसलो. पुढचा विद्यार्थी दारात ताटकळत होता. गाव काही सापडले नाही. परवा तिचे पत्र आले आहे. तिच्या मते ते धरणाखाली गेलेले एक जुने गावठाण असावे, आणि त्यासाठी ती आता भूमिअभिलेख कार्यालयात जुने नकाशे पाहायला जाणार आहे.