उत्प्रेरक, विरजण आणि कळकणे : इंधन-रसायनाच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

भाताच्या पेंढ्यासारखा पदार्थ सूक्ष्मजीवांकरवी आंबवून त्यापासून कार्बनी अम्ले मिळवावयाची, आणि पुढे धातूच्या सान्निध्यात त्या अम्लांवर हायड्रोजनची क्रिया घडवून अल्कोहोल-इंधन तयार करावयाचे, हा आजच्या रसायनशास्त्रातील एक महत्त्वाचा शोधमार्ग आहे. त्यातील रसायन रसायनज्ञांनी पाहावे. परंतु हा विषय मराठीत मांडताना जी परिभाषा योजिली जाते ती विषय उलगडते की झाकते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेतील आहे. त्याची परीक्षा शहरातील वर्गात होणार नाही. भोर किंवा वेल्हे तालुक्यातील भातकरी घरातून आलेला विद्यार्थी समोर धरूनच ती करावयास हवी. (वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, नावे बदलणे परिभाषा बदलण्याहून सोपे असते.)

आरंभीच ‘टाकाऊ’ हे विशेषण आडवे येते. पेंढ्याला ‘टाकाऊ शेतमाल’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मावळपट्टीत पेंढा टाकीत नाहीत. तो गुरांना घालतात. पालापाचोळा व शेणही वाया जात नाही, भाताच्या रोपासाठी राब भाजण्याच्या कामी येते. इतकेच नव्हे, तर गाईच्या पहिल्या पोटात पेंढ्याचे जे होते तेच कारखान्याच्या पहिल्या टप्प्यात होते. सूक्ष्मजीव तेथे सेल्युलोज फोडून ॲसिटिक, प्रोपियॉनिक व ब्युटिरिक अम्ले तयार करतात. म्हणजे ज्याला परिभाषा टाकाऊ म्हणते त्या मालाला आधीच एक गिऱ्हाईक आहे. अशा विशेषणाने अर्थशास्त्रातील वादग्रस्त प्रश्न व्याकरणातच निकालात निघतो.

‘सेंद्रिय अम्ल’ हा प्रयोगही आता धोक्याचा झाला आहे. शेतकऱ्याच्या कानी ‘सेंद्रिय’ म्हणजे रसायनाविना. रसायनज्ञाच्या लेखी ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनचे रसायन. मराठी विश्वकोशाने ‘कार्बनी’ हा पर्याय स्वीकारला तो अधिक सुरक्षित म्हटला पाहिजे. भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की ज्या वाईत हा कोश घडला ते गाव लागते. पण कोशाची परिभाषा शाळेपर्यंत तो घाट ओलांडून आलेली नाही. आंबवणीत अम्ल साठू लागले की सूक्ष्मजीवांना ते सोसत नाही, म्हणून चुनखडीसारखा पदार्थ घालून अम्लाचे कॅल्शियमयुक्त संयुगात रूपांतर करतात. ह्या संयुगाला शालेय पुस्तक ‘क्षार’ म्हणते, विश्वकोश ‘लवण’ म्हणतो, आणि विश्वकोशाच्या भाषेत ‘क्षार’ म्हणजे अल्कली! एकाच पायरीवर दोन ग्रंथ विद्यार्थ्याला दोन दिशांना पाठवितात.

तथापि मुख्य आक्षेप आहे तो ‘उत्प्रेरक’ ह्या शब्दावर. बर्झेलियसने १८३५ मध्ये जो शब्द योजिला त्याच्या ग्रीक मुळाशी ‘सोडविणे, सैल करणे’ ही कल्पना आहे. मराठीने ‘प्रेरणे’चा, म्हणजे ढकलण्याचा, धातू घेतला. पण उत्प्रेरक क्रियेला ढकलीत नाही. तो कमी ऊर्जेची निराळी वाट मोकळी करून देतो. ओस्टवाल्डच्या (नोबेल पारितोषिक १९०९) विवेचनाचा गाभाही हाच, की वेग बदलतो, समतोल बदलत नाही. जपानी भाषेत ह्याच कल्पनेसाठी ‘स्पर्श’ व ‘मध्यस्थ’ ह्या अर्थांची दोन चिन्हे जोडली आहेत. धातूच्या पृष्ठभागावर रेणू टेकतो, बदलतो व सुटतो, हे त्यात नेमके उतरते.

ह्यावर शिक्षकांचा ठरलेला उपाय म्हणजे ‘विरजण’ हा दाखला. दाखला घरगुती आहे, परंतु येथे तो घातक ठरतो. विरजण सजीव असते, वाढते, दह्यातच मिसळून राहते. धातूचा उत्प्रेरक वाढत नाही व मालात उरता कामा नये. शिवाय प्रस्तुत प्रक्रियेत विरजणासारखी क्रिया खरोखरच आहे, ती पहिल्या टप्प्यात! दुसऱ्या टप्प्यासाठी तोच दाखला दिला की दोन्ही टप्प्यांची सरमिसळ होते.

गंमत अशी, की दुसऱ्या टप्प्यातील खरी अडचण सांगणारा शब्द त्याच स्वयंपाकघरात पडून आहे आणि परिभाषाकारांनी तो उचललेला नाही. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक वा आमटी ठेवली की ती कळकते. अम्ल धातूला खाते, धातू पदार्थात उतरतो. तांबे किंवा निकेल ह्यांचे उत्प्रेरक कार्बनी अम्लात नेमके असेच झिजतात, आणि म्हणूनच अम्लाचे आधी एस्टर करून मग त्याचे हायड्रोजनीकरण करण्याची, किंवा रुथेनियम, प्लॅटिनम असे न झिजणारे महागडे धातू वापरण्याची पाळी येते. ह्या प्रकाराला ‘निक्षालन’ म्हटले जाते. ‘कळकणे’ हे क्रियापद अधिक नेमके नाही काय? त्यात अम्ल, धातू व बिघाड ही तिन्ही अंगे सामावली आहेत. मात्र मोह आवरावा लागेल: प्लॅटिनमच्या जोडीला कथील घालतात ते कल्हईसारखे लेप म्हणून नव्हे. प्लॅटिनमवर हायड्रोजनचा रेणू फुटतो आणि कथील अम्लातील ऑक्सिजनला धरून ठेवते, अशी ती कामाची वाटणी आहे.

राहिला ‘मद्यार्क’. फॉर्मिक अम्लापासून मिथेनॉल, ॲसिटिकपासून एथेनॉल, ब्युटिरिकपासून ब्युटेनॉल, अशी ही मालिका असता तिघांनाही ‘मद्यार्क’ म्हणणे हा नुसता अर्थदोष नाही. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसे मरण पावली. ती शब्दामुळे मेली असे कोणी म्हणणार नाही. पण विषाच्या नावात ‘मद्य’ ठेवण्याचे समर्थन व्युत्पत्तीच्या आधारे करता येत नाही. मिथेनॉल, एथेनॉल, ब्युटेनॉल ही नावे देवनागरीत जशीच्या तशी घ्यावीत, आणि इंधनाच्या पिंपावरील चिठ्ठीत ‘मद्यार्क’ हा शब्द मुळीच नसावा.