मंद दिवा : अंतर की धूळ?

गेल्या उन्हाळ्यात वैजापूरला शिक्षकांच्या एका छोट्या मेळाव्यात आम्ही विश्वाच्या प्रसरणावर बोललो. "दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे ते अपेक्षेपेक्षा दूर आहेत, म्हणून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे," असे सांगून आम्ही खडू खाली ठेवला. तेव्हा एका गुरुजींनी विचारले, "सर, रोटेगावच्या रस्त्याला धूळ उडाली की समोरच्या ट्रकचे दिवे मंद दिसतात. म्हणून ट्रक काही लांब गेलेला नसतो. मग ताऱ्यांचे तुम्ही कशावरून सांगता?"

प्रश्न भाबडा नव्हता. डॉ. जयंत नारळीकरांनी तो २००० साली फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आदींसह आणि २००२ साली विश्वकर्मा व बर्बिज यांच्यासह शोधनिबंधांतून मांडला होता. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यानंतर मराठीत त्यांच्यावर जे लेखन झाले त्यात गौरव भरपूर, चिकित्सा थोडी. म्हणून त्यांचा हा युक्तिवाद येथे तपासून पाहू.

आधी मूळ दावा. 'एक-अ' प्रकारचा सुपरनोव्हा म्हणजे श्वेत बटू ताऱ्याचा स्फोट. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य साचून श्वेत बटूचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेजवळ, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीपर्यंत, पोचले की तो स्फोट पावतो, असे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. हे सर्व स्फोट तंतोतंत सारखे नसतात. पण जो सावकाश मावळतो तो मुळात अधिक तेजस्वी, हा संबंध मार्क फिलिप्स यांनी १९९३ साली दाखवला आणि त्यामुळे या ताऱ्यांचा 'प्रमाण दीप' म्हणून उपयोग करता आला. १९९८ साली श्मिट व रीस यांच्या आणि पर्लमटर यांच्या, अशा दोन स्वतंत्र गटांना दूरचे सुपरनोव्हा मंद आढळले. कमी द्रव्याच्या आणि कृष्ण ऊर्जा नसलेल्या विश्वात यायला हवीत त्यापेक्षा त्यांची अंतरे सरासरी १० ते १५ टक्के जास्त येत होती. या तिघांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आक्षेप. साधी धूळ निळा प्रकाश अधिक अडवते आणि तांबडा कमी, म्हणून धुळीमागचा तारा तांबूस दिसतो. ही तांबूस झाक मोजून धुळीचा हिशेब करता येतो, आणि दोन्ही गटांनी तो केला होता. नारळीकर व सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, आंतरदीर्घिका अवकाशात धातूंच्या वाफेतून गोठलेले, केसासारखे बारीक, सुमारे एक मिलिमीटर लांबीचे तंतू असतील, तर ते सर्व रंग जवळजवळ सारखेच अडवतील. तारा मंद दिसेल, पण तांबूस दिसणार नाही. मग कृष्ण ऊर्जेची गरज उरणार नाही. हे तंतू निव्वळ कल्पनेतले नव्हते. प्रयोगशाळेत असे तंतू बनतात.

युक्तिवादाचे बळ येथे आहे. निरीक्षण 'मंद दिसले' एवढेच आहे. 'दूर आहे' हा निष्कर्ष. या दोहोंमध्ये जे गृहीत धरलेले असते त्यावर बोट ठेवणे हे शास्त्रज्ञाचे कामच आहे. त्यातली गंमत अशी की, १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांतात प्रसरणाचा वेग वाढताच होता. त्याच परंपरेत वाढलेले नारळीकर वाढत्या वेगाच्या पुराव्यावर शंका घेत होते!

पण आक्षेपालाही कसोटी लागते. धूळ सर्वत्र पसरलेली असेल, तर जितके दूर जावे तितका मंदपणा वाढतच जायला हवा. उलट, विश्व आधी मंदावत होते आणि वेग नंतर वाढू लागला असेल, तर फार दूरच्या सुपरनोव्हांतला हा जादा मंदपणा कमी व्हायला हवा. २००४ साली रीस यांच्या गटाने हबल दुर्बिणीतून मिळवलेल्या नव्या सुपरनोव्हांतून दुसरी गोष्ट दिसली. 'धूळ सतत नव्याने तयार होत असते' असे मानण्याची पळवाट तरीही उरली.

ती अरुंद केली २००५ च्या दीर्घिका-गणनेने. आद्य विश्वातील ध्वनिलहरींची खूण दीर्घिकांच्या वितरणात आजही आहे. तिची लांबी आज सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे भरते. ही मोजपट्टी किती लहान दिसते यावरून अंतर निघते. धुळीने ट्रकचे दिवे मंद होतात, पण त्याच्या दोन दिव्यांमधले अंतर धुळीने कमी दिसत नाही. या स्वतंत्र मापनाचा मेळ सुपरनोव्हांशी बसला. तंतूंचा मात्र आंतरदीर्घिका अवकाशात वेगळा, थेट पुरावा मिळाला नाही. शिवाय याच तंतूंवर सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचे स्पष्टीकरण देण्याचीही जबाबदारी टाकलेली होती. एकाच न दिसलेल्या वस्तूवर इतका भार टाकणे, हा आमच्या मते या मांडणीचा खरा दोष आहे.

म्हणजे नारळीकर हरले आणि प्रश्न मिटला का? नाही. 'कृष्ण ऊर्जा' हे नाव आहे, स्पष्टीकरण नव्हे. विश्वाच्या एकूण ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग या नावाखाली जातो आणि ती काय आहे हे कोणालाही माहीत नाही. २०२४ आणि २०२५ साली अमेरिकेतील 'डेझी' प्रकल्पाने दिलेल्या मापनांत ती काळानुसार क्षीण होत असावी अशी चिन्हे आहेत. पण तो अजून पक्का शोध मानला जात नाही.

वैजापूरला आमचे वाक्य चुकीचे नव्हते, अपुरे होते. 'मंद' पासून आम्ही थेट 'दूर' वर उडी घेतली आणि मधली पंचवीस वर्षांची तपासणी गाळली. पाठ्यपुस्तकी सवयीने शिकवताना ती नेहमीच गळते. शिक्षकांनी ती गाळू नये. वर्गात अंधार करून तीन बॅटऱ्या घ्याव्यात : एक जवळ, एक दूर, आणि एक जवळच पण पुढे बटर पेपर लावलेली. कोणती दूर आहे, हे मुलांना नुसत्या उजेडावरून ओळखू द्यावे. ती चुकतील. मग प्रत्येक बॅटरीच्या जागी दोन बॅटऱ्या वीतभर अंतरावर शेजारी शेजारी ठेवून पुन्हा विचारावे.

त्या गुरुजींना आम्ही त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते हे आहे.