कारण न सांगण्याचा हक्क

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. आपले कार्यकर्ते आजही हे भाषण गरिबीवरचे भाष्य म्हणून सांगतात: लेकरे फार, भाकर थोडी. ते खोटे नाही. पण ते अर्धे वाचन आहे. बाईला मूल नको असेल, मग कारण कोणतेही असो, तर ते टाळणे तिच्या हाती असले पाहिजे आणि अपत्य होणे न होणे सर्वस्वी तिच्या इच्छेवर राहावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आधी एक मूल होऊ द्यावे, अशी अट तिथे नाही.

शासनाने मात्र आकडा धरला आणि इच्छा सोडली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याचा कायदा झाला नाही, इतकेच. २००६ च्या केंद्रीय मानकांनी ठरवले की, नसबंदी करून घेणारी बाई लग्न झालेली, २२ ते ४९ वयाची असावी आणि वैद्यकीय कारण नसेल तर तिला किमान एक मूल असावे. पुढे पश्चात्ताप होईल, अशी काळजी सांगितली जाते. मग एका मुलाच्या बावीस वर्षांच्या आईबद्दल ही काळजी कुठे जाते? आणि १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली, तेव्हा मूल नसणे आडवे आले नाही. तिथे मुलींची इच्छा विचारायचीच नव्हती.

सोलापुरात एका अभ्यासवर्गात मी हे मांडले, तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “बाई, ज्यांची लेकरे उपासाने गेली त्या समाजाला हे पांढरपेशे लाड कशाला?” आक्षेपामागचे दुःख खरे आहे. पण आमच्या शहरात विडीकामगाराच्या घरची थोरली लेक धाकट्यांना कडेवर घेऊनच वाढते. आईपण पुरे झाले, असे ती म्हणाली तर तो लाड कसा? जिच्या कुशीचा निर्णय सासर, जात आणि सरकार यांनीच घेतला, तिला नकाराची गरज सर्वांत जास्त आहे.

मूल होत नाही तिला मराठीत ‘वांझ’ ही शिवी आहे. मूल नको म्हणणारीला शब्दच नाही. शिक्षकांनी ते भाषण वर्गात पूर्ण वाचावे. तिने कारण सांगितलेच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्याने ते अजून वाचलेले नाही.